पिवळी भिंत

घट बसायच्या आधी घर धुवायचं, हा नेम छबूनं नव्या वसाहतीतही मोडला नाही. इथं ना तारा, ना दिवे. दिवसभर ऊन पिऊन रात्री आपोआप उजळणाऱ्या भिंती. त्याच तिनं बादलीभर पाण्यानं खसाखसा घासल्या. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पाहते तर भिंत हळदीसारखी पिवळी पडलेली, आणि दीड वर्षाची नात तिची सुटलेली भुकटी बोटानं चाटत बसलेली.

बोलावल्यावर आलेल्या कंपनीच्या माणसानं आधी रबरी हातमोजे चढवले.

"बाई, भिंत धुतलीत? या लेपातले स्फटिक पाण्यानं फुटतात. आता इथं उजेड पडायचा नाही."

"उजेड गेला खड्ड्यात! पोरीच्या पोटात गेलंय ते काय आहे?"

"काही नाही हो. पुसून टाका."

"काही नाही ना? मग काढा ते मोजे आन् चाटून दाखवा."

तो दाराकडं सरकला. छबू दार अडवून उभी राहिली.

"शिसं आहे त्यात," तो पुटपुटला. "लेपाला पाणी लागलं नाही तर धोका नसतो. आम्हाला सांगायची मनाई होती. पोरीला आत्ताच दवाखान्यात न्या."

गरिबाला फुकट उजेड देणाऱ्यांनी नेमकं एवढंच लपवलं होतं.

नातीला काखोटीला मारून छबू बाहेर धावली. जिन्यावरून पिवळसर पाणी ओघळत होतं. वरच्या मजल्यांवर बायका हसतखिदळत भिंती धूत होत्या, पोरं त्या पाण्यात नाचत होती.

"अगं बायांनो," ती जीव खाऊन ओरडली, "आधी पोरं उचला!"