नळीतलं पाणी

पलंगाखालच्या बाटलीत काचेच्या नळीतलं पाणी बोटभर वर चढत होतं आणि बोटभर खाली उतरत होतं. यंत्र रुग्णाला श्वास देत होतं आणि पाणी त्या श्वासाबरोबर हलत होतं. एवढं ठीक होतं. पण त्या संथ चढउतारावर आणखी एक बारीक थरथर होती. श्वासापेक्षा जलद, नाडीशीही न जुळणारी. धाकटी सर्जन वाकून ती बघत राहिली.

तिचे सर, थोरले सर्जन, स्टुलावर बसून रुग्णाच्या छातीतून बाटलीत येणारी मऊ नळी चिमटीत धरून दाबत होते, आत रक्त साकळू नये म्हणून. चष्मा सारखा करायला त्यांनी हात काढला. थरथर थांबली. त्यांनी नळी पुन्हा धरली. थरथर परत आली.

ती सरळ उभी राहिली आणि उगाचच सलाइनच्या बाटलीकडे बघू लागली.

पलंगावर अण्णा होते. याच विभागाचे भूलतज्ज्ञ. तिच्या जन्माआधीपासून सर आणि अण्णा एकाच टेबलाशी काम करत आले होते, मध्ये फक्त हिरवा पडदा. "हा छाती उघडतो, मी नुसता झोपवतो," अण्णा म्हणायचे, "आणि घरी गेल्यावर दमलेला मीच दिसतो." नाजूक टाक्यांची वेळ आली की पडद्यामागून त्यांचा आवाज यायचा, "अरे, पोरीला शिकू दे की. सगळं तूच करणार का?" सर कुरकुरत बाजूला व्हायचे. तिला राग यायचा. सगळं शिकून झालेल्या बाईला किती दिवस पोरगी म्हणायचं?

आज सकाळी अण्णांच्याच हृदयाचं ऑपरेशन झालं. "याच्या छातीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही," सर म्हणाले होते. पडद्यामागे आज दुसराच भूलतज्ज्ञ होता, नवा आणि अबोल. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे टाके सरांनीच घातले.

दुपारपासून बाटलीत रक्त हवं त्यापेक्षा जास्त येत होतं.

"सर, पुन्हा थिएटरमध्ये नेऊया," ती म्हणाली.

"थांब जरा. ऑपरेशनमध्ये गार पडलेलं अंग गरम झालं की रक्त गोठेल."

काही वेळाने तिने पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं, तिच्याकडे न बघता. दुसरा कुणी रुग्ण असता तर एव्हाना त्यांनीच तिला घाई केली असती.

अण्णांच्या बायकोला भेटायला आत सोडलं. नवऱ्याच्या तोंडात नळी होती. तिकडे त्यांना बघवेना, म्हणून त्या खाली बाटलीकडेच बघत राहिल्या.

"भाऊजी, थांबलं वाटतं हो."

सरांनी वाकून पाहिलं. खरंच, एक थेंब पडत नव्हता.

"थांबलं, वहिनी." ते म्हणाले. "ऐकलं बघा शेवटी याने माझं."

"तुमचंच ऐकतात ते. माझं कुठे ऐकलंय कधी?" त्या हसल्या आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले.

धाकट्या सर्जनने मात्र रक्ताकडे नाही, पाण्याकडे पाहिलं. यंत्राचा श्वास चालू होता. अण्णांची छाती वर येत होती, खाली जात होती. पाणी जागचं हलत नव्हतं. मॉनिटरवर रक्तदाबाचा आकडा उतरायला लागला होता. नळी अचानक कोरडी पडली तर आनंद मानायचा नाही, हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

"सर, थांबलं नाहीये. नळीत गुठळी अडकलीय. रक्त आतच साठतंय, हृदयाभोवती."

सरांनी पाण्याकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं. नर्सने वहिनींना खांद्याला धरून बाहेर नेलं. थिएटरला फोन गेला. पलंगाचे ब्रेक निघाले. सर उठले, पण हात धुवायला गेले नाहीत. दोन्ही हात त्यांनी कोटाच्या खिशात घातले.

ती त्या खिशांकडे बघत राहिली. मागे एकदा चहाच्या खोलीत तिने या दोघांचं बोलणं ऐकलं होतं.

"आता बास कर बाबा," अण्णा म्हणत होते.

"पुढच्या महिन्यात सांगतो सगळ्यांना."

"तुझ्या वर्षात पुढचे महिने असतात तरी किती रे?"

तिला वाटलं होतं, सिगारेटचं चाललंय. आणि आज सकाळी भूल चढता चढता अण्णांनी तिचं मनगट धरलं होतं. "तू जवळच उभी राहा हं," ते म्हणाले होते. तिला वाटलं होतं, घाबरलेत.

"सर, चला," ती म्हणाली. "वेळ नाही."

"पोरीला शिकू दे, म्हणायचा ना हा?" सर अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते. "तुला तेव्हाच सगळं येत होतं."

पलंग दाराकडे सरकू लागला. सर त्याच्या उशाशी, अण्णा नेहमी चालायचे त्या बाजूने चालू लागले.

"माझ्या जागेवर तू उभी राहा," ते म्हणाले. "मी यापुढे ऑपरेशन करणार नाही."