आपलाच आवाज

"कमी करा, कमी करा!" फोरमन खुर्चीतून जवळजवळ उठलाच. "केवढ्यांदा ओरडतंय हे!"

कानाच्या दवाखान्यातल्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं. त्याच्या कानामागे बसवलेलं नवं यंत्र नीट चाललं होतं. "यंत्र बरोबर आहे, काका. तो तुमचाच आवाज आहे."

फोरमनने बायकोकडे पाहिलं. ती पर्सची चेन लावत बसली होती, लागलेली असूनसुद्धा.

सारा जन्म छापखान्यात फोरमन म्हणून गेलेला माणूस. मशीनच्या धडधडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याकडे शाईसुद्धा मागता येत नसे. मशीन तिथेच राहिली, ओरडणं तेवढं त्याच्याबरोबर रिटायर होऊन घरी आलं. इथे तो आला होता ते मात्र बायकोसाठी. हल्ली ती त्याच्याशी बोलायचीच थांबली होती. 'हो', 'नाही', 'वाढलंय' एवढ्यावर संसार आला होता. ती पुटपुटते आणि आपल्याला ऐकू येत नाही, अशी त्याची समजूत. यंत्र बसलं की तिचं बोलणं परत मिळेल, या एका आशेवर तो आला होता.

"मी असा बोलतो?" त्याने विचारलं, आणि तेही कानावर धाडकन आदळलं. दाराबाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वर केल्या.

"हळू बोलून बघा," मुलगी म्हणाली. "तुमचा तुम्हालाच अंदाज येईल."

परतीच्या बसमध्ये त्याने अंदाज घ्यायला सुरुवात केली. "दोन तिकिटं," तो म्हणाला, तर कंडक्टर दचकला. उतरताना मात्र "जरा सरकता का?" म्हणाला, तेव्हा पुढचा माणूस नुसता सरकला, वळून पाहिलंसुद्धा नाही. फोरमनला कोण आनंद झाला.

घरी आल्यावर बायको पाणी प्यायली आणि एकेक खिडकी लावत सुटली.

"उकडतंय की. कशाला लावतेस?"

"तुमच्याशी बोलायचंय. आधी खिडक्या नको लावायला? नाहीतर आपल्या घरातलं सगळं समोरच्या गॅलरीत जातं."

फोरमन मटकन बसला. हिला वारा सोसत नाही, असं तो इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आला होता.

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मी कुठे ओरडतो? तेही ओरडून." तिला हसू आलं. "आता गुडघे दुखतात हो. चार खिडक्या लावा, बोला, परत चारी उघडा. त्यापेक्षा गप्प राहिलेलं परवडतं."

त्याला लाज वाटली, पण त्याहून जास्त भरून आलं. एवढी वर्षं तिने खिडक्या लावल्या, त्याच्या तोंडावर हात नाही ठेवला. चारचौघांत एकदाही त्याला खाली पाहायला लावलं नाही. दुसरी कुणी असती तर केव्हाच कान बंद करून बसली असती.

तो उठला. तिने लावलेल्या खिडक्या त्याने उघडल्या, तिच्या शेजारी येऊन बसला आणि अंधारात जिना उतरावा तसा जपून आवाज खाली आणत म्हणाला, "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

"काय?" बायको पुढे वाकली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याचं बोलणं ऐकायला तिला वाकावं लागलं होतं.

त्याने तेच, तितक्याच हळू, पुन्हा म्हटलं. मग म्हणाला, "आता सगळं असंच बोलणार. बघच तू."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. तो खाली घेत म्हणाली, "सगळं नको. पहाटेची प्रार्थना तेवढी आहे त्याच आवाजात म्हणा."

फोरमन चक्रावला. प्रार्थना तर तो ओठांतल्या ओठांत म्हणत असे.

"ती तुला ऐकू येते?"

"स्वयंपाकघरापर्यंत येते," ती म्हणाली. "शेवटी माझं नाव घेता ना, ते ऐकून मग मी चहा टाकते."