नमुन्याची डबी

“ही खाली जाणारी रेघ तुमची,” रंगाच्या कंपनीचा साहेब म्हणाला आणि त्याने टॅब्लेट काउंटरवर तिच्याकडे वळवला. “बाकी सगळ्यांच्या वर चालल्यात.”

तिने चष्मा लावला. वडील जाऊन पाच महिने झाले होते आणि रेघ बरोबर तिथूनच घसरणीला लागली होती. वॉलपेपर सगळीकडे चढला होता. “लोकांना भिंतीवर पानंफुलं पाहिजेत,” साहेब म्हणाला. “म्हटलं, खरं रोप आणा, तर म्हणतात, पाणी कोण घालणार!” तयार डबे मंदावले होते. पण मशीनवर हवा तसा बनवून दिलेला रंग या भागात दीडपट खपला होता. तिच्याकडे मात्र निम्म्यावर आला होता.

“घरात दुःख आहे, मला कळतं. पण तीन महिन्यांत हा आकडा हलला नाही तर मशीन उचलावं लागेल. मी पडलो हुकमाचा ताबेदार.”

मशीन गेलं की दुकानात उरणार ब्रश, पॉलिश पेपर आणि ती.

“चौकातल्या मोठ्या दुकानात काय चालतं बघा, तसं ठेवा,” म्हणत त्याने एक यादी उघडली. कंपनीच्या रंगांना नंबर असतात. यादीत वरपासून खालपर्यंत नंबरच होते. फक्त तिसऱ्या ओळीत शब्द होते : उतरलेलं ऊन.

तिने ते पुन्हा वाचलं. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. नमुन्याची डबी फुकट द्यायची आणि झाकणावर रंगाचं नाव, कशाचे किती थेंब, सगळं लिहून द्यायचं, ही त्यांची रीत होती. रंगाऱ्याचं पुढे अडायला नको. तीही तसंच लिहून देत आली होती. आणि या रंगाची डबी या वर्षात तिने एकालाच दिली होती.

तो एकजण मागे स्टुलावर बसून चहा पीत होता. वडिलांच्या हाताखाली ब्रश धरायला शिकलेला, त्यांच्या आजारपणात दवाखान्यात तिच्याइतकाच बसलेला रंगारी.

साहेब गेला. तिने चष्मा काढला.

“काका, झाकण माझं आणि डबे तिथले?”

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. “ताई, तिथं रंगाऱ्याला डब्यामागे टोकनचे पैसे दुप्पट मिळतात.” आणि वर, “सगळेच करतात. मी एकटा नाही.”

“सगळ्यांना बाबांनी हात धरून शिकवलं नव्हतं.”

रोजचीच दुपार असल्यासारखं त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत भिंतीचा पोपडा होता.

“एवढा एक जुळवून द्या. तिथल्या मशीनला जमेना. तीनदा केला, हिरवाच मारतो.”

पोपडा मशीनखाली धरायची तिला गरज पडली नाही. वडिलांनी हा रंग तिच्यासमोर सात वेळा नापास केला होता आणि आठव्यांदा मान हलवली होती. त्यांनी बनवलेला शेवटचा रंग. तो एकाच घराला लागला होता, त्यांच्या स्वतःच्या.

“धाकट्याने घर काढलंय रंगवायला?”

रंगारी स्टुलावरून उठला. “कुठल्या घरचा ते ताईला सांगू नका, म्हणाला. मी म्हटलं, अरे ती ओळखेल. ऐकतोय कुठं!”

“डबे?”

“त्याने घेऊन ठेवलेत,” तो खाली बघत म्हणाला. “चौकातूनच.”

परवाच धाकटा भाऊ येऊन गेला होता. याच काउंटरवर कोपर टेकून म्हणाला होता, दुकानाची काळजी तू करूच नकोस, मी आहे ना.

तिने डबीत पांढरा घेतला. थेंब सोडले, ढवळला, काडीने एक ठिपका पोपड्यावर टेकवला. ठिपका जागच्या जागी दिसेनासा झाला.

ओला रंग वाळला की एक छटा गडद होतो. ओला असताना जो जुळला तो भिंतीवर फसला, हे रंगाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळतं. वडील ड्रायरखाली ठिपका वाळवून बघितल्याशिवाय डबी हातातून सोडत नसत.

तिने झाकणावर एकेक थेंब सुवाच्य अक्षरात लिहिला, झाकण ठोकून बसवलं आणि डबी पुढे सरकवली.

रंगाऱ्याने ती उचलली नाही. पोपड्याकडे बघितलं, मग खिळ्याला टांगलेल्या ड्रायरकडे.

“ताई... वाळवून बघायचं राहिलं.”

“घरचंच तर काम आहे, काका,” ती म्हणाली. “ते काय वाळवून बघायचं?”