फील्ड-बावीसची तक्रार

प्रोग्रामची बांधणी तिसऱ्यांदाही फसली. विंडोज आणि लिनक्ससमोर हिरव्या खुणा उमटल्या, अँड्रॉइडसमोरची खूण मात्र लाल राहिली. इंद्रजीतने उजवा हात झटकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळपासून बधिर होती.

"झालं काय?" त्याच्या बायकोने, वर्षाने, डबा भरता भरता विचारलं.

"कायचं होते. थर्मामीटर वाचायचा तयार कोड, लायब्ररी म्हणतेत त्याले, तो आपला नाही, दुसऱ्याचा हाय. त्यानं नव्या व्हर्जनमधून जुनं विंडोज काढून टाकलं. जुनं व्हर्जन ठेवलं त नवा फोन घेत नाही. दोन्ही ठेवले त दोघायले तिसरी एक लायब्ररी लागते, तेही वेगवेगळी."

"दोघी जावा अन् चूल एक," त्याची आई चंदाबाई दारातून म्हणाल्या.

"तसंच समज, याडी."

सहा वर्षांपूर्वी त्याने 'शीतनोंद' हे सॉफ्टवेअर वर्षासाठीच लिहिलं होतं. आर्णी रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात ती परिचारिका होती. लसींच्या फ्रीजचं तापमान आपोआप नोंदलं जावं आणि ते आठ अंशांच्या वर गेलं की घंटा वाजावी, एवढाच त्याचा हेतू होता. त्याने कोड सर्वांसाठी खुला ठेवला आणि तो पसरत गेला. आता दूरदूरची शेकडो उपकेंद्रं कुठे जुन्या संगणकावर, कुठे नव्या फोनवर ते वापरत होती. लोहारा गावच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून उरलेला सगळा वेळ इंद्रजीत त्यालाच देत असे.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मानेतली नस दबली आहे; नोकरीबाहेरचं टायपिंग वर्षभर बंद ठेवा, नाहीतर पंजाची पकड जाईल. चंदाबाईंनी तीन दिवस तगादा लावला. त्या तीन दिवसांत तो रोज एक तास जास्त बसला.

"नको म्हटलं का हा तेच करते, लहानपणापासून," त्या सुनेला म्हणाल्या होत्या.

वर्षाने त्याला एकदाही बंद करा म्हटलं नाही.

फील्ड-बावीस या नावाचा माणूसही त्याच सुमारास उगवला. तो कोण, कुठला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नवं व्हर्जन निघालं की दोन दिवसांत त्याची तक्रार येई: तीन-चार ओळींचं, मोजकं इंग्रजी. संगणक कोणता, फोन कोणता, काय केल्यावर काय बंद पडलं, सारं नेमकं. शेवटची ओळ ठरलेली: एकट्याने जमत नसेल तर दुसऱ्यांच्या हाती द्या.

"शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं," इंद्रजीत म्हणाला. "हा मास्तरासारखा लाल शाईनं गोल करून राह्यला."

"खोटं बोलते काय पण तो?"

"खोटं नाही बोलत. तेच त दुखते."

"मंग दुरुस्त करा. आमचा फ्रीज तुमच्याच भरोशावर हाय." वर्षाने हेल्मेट उचललं आणि ती निघाली.

त्याने लायब्ररी लिहिणाऱ्याला विनंती पाठवली. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: जुन्या विंडोजसाठी माझ्याकडे वेळ नाही. इंद्रजीत संतापला. मग त्याला आठवलं, महिन्यापूर्वी मॅक संगणकासाठी विचारणाऱ्या एका बाईला त्याने हेच शब्द लिहिले होते.

नागपूरच्या अर्पिताचा निरोपही पडून होता. ती आणि तिचे दोन सहकारी वर्षभर दुरुस्त्या पाठवत होते. आम्ही तिघं जबाबदारी घेतो, तुम्ही सल्ल्यापुरते राहा, असं तिने तीनदा लिहिलं होतं. त्याने एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

गुरुवारी त्याने प्रत्येक प्रणालीसाठी वेगळं पॅकेज बांधलं आणि प्रत्येकात लायब्ररीचं वेगळं व्हर्जन बसवलं. तिन्ही खुणा हिरव्या झाल्या. त्या दिवशी तो जेवताना आईशी मोकळेपणी बोलला.

शनिवारी तक्रार आली. 'फोनवर चालतं. पण थर्मामीटर कोमट पाण्यात धरला, आकडा तीसवर गेला, तरी घंटा वाजली नाही. दोनदा पाहिलं. लस खराब झाली तर कळणार कोणाला?' खाली नेहमीची ओळ.

त्याने स्वतः करून पाहिलं. घंटा वाजली नाही.

आजवरच्या चुकांनी माणसं खोळंबत होती, एवढंच. ही चूक बाळांच्या दंडापर्यंत पोचली असती. ते व्हर्जन त्याने ताबडतोब मागे घेतलं. दुरुस्तीला बसला तेव्हा बोटं दोनदा भलत्याच कळीवर पडली. दुरुस्ती संपल्यावर त्याने अर्पिताला एका शब्दाचं उत्तर पाठवलं: घ्या.

रविवारी सकाळी शीतनोंदच्या पानावर त्याच्या नावाच्या जागी तीन नावं आली.

"देऊन टाकलं," जेवताना तो म्हणाला.

"काहून? चांगलं त चाललं होतं," वर्षा म्हणाली.

"त्या फील्ड-बावीसनं हातचं काढून घेतलं म्हण. माह्या मनात काही सोडाचं नव्हतं."

"तुमचं तुमी जाणा. मी त काही म्हटलं नव्हतं बा."

चंदाबाईंनी मुलाच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. संध्याकाळी तो आईला घेऊन बाजारात गेला. कित्येक महिन्यांनी संगणक दिवसभर बंद राहिला.

सोमवारी उपकेंद्र उघडल्यावर वर्षाने आधी फ्रीज पाहिला. चार अंश. नागपूरकरांचं नवं व्हर्जन फोनवर घेतलं, तपासलं. घंटा खणखणीत वाजली. बाहेर लसीकरणाला आलेल्या बाया बाळं घेऊन बाकावर बसत होत्या. त्यांना हाक मारण्याआधी तिने फोनवर आणखी एक पान उघडलं. 'फील्ड-बावीस हे खातं कायमचं बंद करायचं का?' अशी विचारणा आली. तिने 'हो' वर बोट ठेवलं.