पालथे कागद

"काळी मांजर कोण इथे?" दार उघडताच रोखठोक गरजले.

दारात तिशीची एक बाई उभी होती. गळ्यात टेप, हातात कात्री. मागे शिवणयंत्र.

"मीच. पत्ताही मीच पाठवला. या आत."

रोखठोक हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बाजारात त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं, म्हणून सगळे त्यांना रोखठोकच म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं. मनात काही ठेवायचं नाही, बोलून मोकळं व्हायचं नि विसरून जायचं. दुकानात असो की मोबाइलवर.

पण हे कसं विसरणार? त्यांची लेक मोबाइलवर चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्टी सांगायची. थोडी अडखळायची, तरी पोरं तिच्यावर जीव टाकायची. मग 'काळी मांजर' असं नाव घेऊन ही कुणीतरी उपटली. महिनाभर रोज लेकीच्या गोष्टींखाली गरळ. लेकीने आधी गोष्टी सोडल्या, मग बोलणं. आता तिच्या खोलीचं दार लावलेलं असतं, आणि बाहेर ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच उचलावं लागतं.

काल त्यांनी तिथेच लिहिलं होतं, हिंमत असेल तर समोर ये. उत्तरात हा पत्ता आला.

सगळी घाण त्यांनी छापून आणली होती. वर दुकानाचं पिवळं कव्हर.

"वाचू?"

"वाचा ना. मोठ्याने वाचा."

"'आरशाने अजून हाकललं नाही तुला?'" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, लेकरू आहे ते माझं! लाज कशी वाटली नाही?"

"पुढे."

"'असलं थोबाड घेऊन लोकांसमोर? आईबाप काय झोपलेत?'"

"पुढचं मी म्हणते," ती कागदाकडे न बघता म्हणाली. "'एक उपकार कर. तोंड बंद ठेव. कायमचं.'"

"पाठ केलंस? माणूस आहेस की कोण गं तू!"

"यातला एक शब्दही माझा नाही. मी फक्त उतरवून काढलंय."

"कुणाचं?"

तिने मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराशी झाकलेलं ताट होतं.

"धाकटा भाऊ," ती म्हणाली. "मोबाइलवर गायचा."

कपाटातून तिने एक जाड गठ्ठा काढला. तसंच पिवळं कव्हर, त्यावर त्यांच्याच दुकानाचा शिक्का.

"दोन महिन्यांपूर्वी तक्रारीसाठी तुमच्याकडेच प्रती काढल्या. तीस पानं. तुम्ही एकही वाचलं नाहीत."

"गिऱ्हाइकाचे कागद आम्ही वाचत नसतो," ते ताठ्यात म्हणाले. कागद काचेवर पालथा घालायचा, बटण दाबायचं. दुकानाची शिस्तच होती तशी.

"आज वाचा," ती म्हणाली.

त्यांनी कव्हर उलटलं. तो आरसा, ते थोबाड, तो उपकार, सगळं ओळीने तेच होतं. आणि पानापानावर, प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर, लिहिणाऱ्याचं नाव होतं: रोखठोक.