विश्वनाथचा पत्ता

न्यूझीलंडमध्ये कंपनी काढली की कायदेशीर कागद कुठे पोचवायचे, तो पत्ता नोंदवावा लागतो. कोर्टाचा माणूस मला माझ्या दारात नको होता. मी टाकानिनीतल्या माझ्या मित्राचा, विश्वनाथचा पत्ता देऊन टाकला. त्याला नाही म्हणता येत नसे, एवढीच त्याची पात्रता.

मी गिऱ्हाइकांच्या घरामागे बांधलेले लाकडी डेक खचायचे आणि त्यांच्या नोटिसा विश्वनाथकडे जायच्या. पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून, वर माझा पत्ता लिहून, तो ते हेन्डरसनला माझ्याकडे धाडायचा.

"वाईट कागदही शुभ करून द्यावा रे," म्हणायचा. मी हसायचो.

२०१६मध्ये तो गेला. अंत्यविधीला मी गेलो नाही. हॅमिल्टनला मीटिंग होती. पत्ता बदलायला पाच मिनिटं लागली असती. तीही मी दिली नाहीत.

पाकिटं येतच राहिली. तेच कुंकू, तेच अक्षर.

शेवटी त्याच्या बायकोला, शकुवहिनींना, फोन केला.

"हे गेले त्या मार्चपासून घर बंद आहे, भावोजी. किल्ली माझ्याकडेच असते." मग म्हणाल्या, "हे आजारी होते तेव्हा नाही केलात एकही फोन."

आज दुपारी त्याच अक्षरातलं पाकीट आलं. कुंकू नव्हतं. कोपरा फाडलेला होता, आपल्याकडे मयताच्या पत्राचा फाडतात तसा.

वर नाव माझं नव्हतं. माझ्या बायकोचं होतं, अबोलीचं.

"कुणाचं पत्र आलंय?" अबोलीने आतून विचारलं.