तीस मोजेपर्यंत

"इमारतीच्या फोटोत माणसं नकोत," पिंपरीतले स्टुडिओवाले मारुतराव शिकवत. "भिंगावर काळी काच लाव आणि तीस मोजेपर्यंत झाकण उघडं ठेव. चालती माणसं उमटतच नाहीत. जो हलत नाही, तोच उमटतो."

सकाळच्या शिफ्टला त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ज्ञानदेवाने नव्या कारखान्याचा फोटो काढला. समोरून शेकडो कामगार आत गेले, पण कागदावर त्यातला एकही आला नाही. फक्त वरच्या मजल्याच्या खिडकीत एक माणूस उभा होता. त्या मजल्याला अजून जिनाच बांधला नव्हता.

"कंपनी हा घ्यायची नाही. पुन्हा काढ," मारुतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस खाली दारात उभा दिसला.

पहिलंच काम हातचं जाईल म्हणून ज्ञानदेव तिसऱ्यांदा गेला. गुरुवार, कारखान्याला सुट्टी. आवारात चिटपाखरू नव्हतं. सूर्य पाठीशी घेऊन त्याने थरथरतच तीस मोजले.

लाल दिव्याखाली कागद उमटत गेला. खिडकी रिकामी होती, दारही रिकामं होतं.

"आता जमलं," मारुतराव म्हणाले. "पण सोबत कोणाला नेलं होतंस?"

जमिनीवर कॅमेऱ्याच्या स्टँडची सावली पडली होती. तिच्या एका बाजूला ज्ञानदेवाची सावली, हलल्यामुळे पुसट झालेली.

दुसऱ्या बाजूची मात्र अगदी रेखीव होती.